एप्रिल, रिग्ली फील्ड आणि पिचरांचे हात

गुरुवार, ४ एप्रिल २०२४

ऑफिसातून अर्धा दिवस रजा काढून दुपारीच क्लीव्हलंड सोडलं. शिकागोपर्यंत साडेतीनशे मैलांच्या आसपास अंतर आहे. आधी ओहायो टर्नपाइक, मग इंडियाना टोल रोड, दोन्हीकडे नुसती सपाट शेतं. इंडियानात एका ठिकाणी घड्याळ तासभर मागं जातं, त्यामुळे दिवेलागणीलाच शिकागोजवळच्या नेपरव्हिलला मामेभावाच्या, म्हणजे दादाच्या, दारात पोचले.

या प्रवासाचं कारण साधं होतं. शुक्रवार ते रविवार शिकागोच्या रिग्ली फील्डवर शिकागो कब्ज आणि लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघांचे तीन सामने होते. शनिवारी डॉजर्सकडून योशिनोबू यामामोतो चेंडू टाकणार होता, रविवारी कब्जकडून शोता इमानागा. दोघंही जपानहून अमेरिकेत पहिल्यांदाच खेळायला आलेले, दोघांच्याही पाठीवर १८ क्रमांक. जपानी बेसबॉलमध्ये हा आकडा संघाच्या पहिल्या पिचरचा, म्हणजे सगळ्यात भरवशाच्या चेंडू टाकणाऱ्याचा, मानला जातो.

मला सीझनमधला सगळ्यात जास्त आवडणारा महिना एप्रिलच. बॅटर अजून हिवाळ्यातून बाहेर आलेले नसतात. नव्या पिचरचा चेंडू कुठून सुटतो, कुठे वळतो, हे त्यांना माहीत नसतं. पिचरचाही हात अजून पूर्ण तापलेला नसतो, म्हणून नऊ इनिंगच्या सामन्यात मॅनेजर त्याला पाच-सहा इनिंगनंतर बाहेर काढतात. त्या पाच-सहा इनिंगमध्ये पिचर आपल्याजवळचं काय काय बाहेर काढतो, ते बघायला मी कितीही लांब जाईन. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉल कळतो तो बहुतेक बॅटमुळे, होम रनमुळे. मला तो पिचरमुळे कळला. साठ फूट सहा इंच अंतर, टप्पा नाही, खेळपट्टीची मदत नाही. फसवायचं ते हवेतच.

या वर्षी सुरुवातच जबरदस्त झाली होती. सोमवारी, १ एप्रिलला, ह्यूस्टनच्या रोनेल ब्लँकोनं टोरोंटोविरुद्ध नो-हिटर टाकली. नऊ इनिंगमध्ये समोरच्या संघाला एकही हिट नाही, म्हणजे चेंडू मारून कोणालाही बेस गाठता आला नाही. तारखेच्या हिशेबानं मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगच्या, इतिहासातली ही सगळ्यात लवकरची नो-हिटर. ब्लँको तीस वर्षांचा, मेजर लीगमध्ये सामन्याची सुरुवात करायची त्याची ही जेमतेम आठवी वेळ. त्याच दुपारी रिग्लीवर इमानागानं आपल्या पहिल्याच सामन्यात कोलोरॅडोविरुद्ध सहा इनिंग टाकल्या, नऊ स्ट्राइकआउट घेतले (म्हणजे तीन स्ट्राइकवर नऊ बॅटर बाद), एकही वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर मिळणारा फुकटचा बेस) दिला नाही, आणि सहाव्या इनिंगमध्ये दोन बाद होईपर्यंत हिटसुद्धा दिली नव्हती. ते मी फोनवर पाहिलं आणि त्याच रात्री रविवारचं तिकीट काढलं. शुक्रवार आणि शनिवारचं आधीच होतं.

गाडीतल्या रेडिओवर मात्र वाईट बातमी होती. मायामीचा युरी पेरेझ, वय वर्षं २०, सहा फूट आठ इंच उंच, देशातल्या सगळ्यात गुणी तरुण पिचरांपैकी एक. त्याच्या कोपराचं ऑपरेशन होणार, म्हणजे पूर्ण वर्ष गेलं. पोरगा अजून एकविसाचाही नाही, या विचारानं बराच वेळ रेडिओ बंदच ठेवला.

दादाचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे आणि शाळेच्या संघात पिचर आहे. जेवताना त्यानं विचारलं, ‘आत्या, तू किती मैलाचा फास्टबॉल प्रत्यक्ष पाहिलायस?’ त्याच्या वयाच्या पोरांना वेगाशिवाय दुसरं काही दिसत नाही.

शुक्रवार, ५ एप्रिल

नेपरव्हिलहून मेट्रा या उपनगरी रेल्वेच्या बीएनएसएफ लाइननं युनियन स्टेशन, नदीवरचा पूल ओलांडून चालत रेड लाइन, आणि ॲडिसनला उतरायचं. स्टेशनातून बाहेर पडलं की दोन मिनिटांत ती लाल पाटी दिसते. मी रिग्लीला याआधीही गेले आहे, पण पाय प्रत्येक वेळी आपोआप भरभर पडायला लागतात. १९१४ साली बांधलेलं मैदान, चहूबाजूंनी वस्ती, पलीकडच्या इमारतींच्या गच्चीवर बसायच्या बाकांच्या रांगा. आउटफिल्डच्या विटांच्या भिंतीवरची ती प्रसिद्ध वेल एप्रिलमध्ये हिरवी नसते. तपकिरी, वाळक्या काटक्यांची जाळी असते नुसती. तलावावरून येणारं वारं हाडात शिरतं. दोन जाकिटं, कानटोपी आणि वहिनीनं डब्यात दिलेले धपाटे यांवर दुपार निघाली. रिग्लीत घरचं खाणं नेऊ देतात, ही फार चांगली गोष्ट आहे.

डॉजर्सकडून बॉबी मिलर. हा इथलाच, शिकागोच्या वायव्येला असलेल्या मकहेन्री गावचा. आठवड्यापूर्वी सेंट लुइसविरुद्ध त्यानं सहा इनिंगमध्ये ११ स्ट्राइकआउट घेतले होते, धाव एकही दिली नव्हती. घरच्या माणसांसमोर आज तो काय करतो, याची मला फार उत्सुकता होती. दुसरी इनिंगसुद्धा त्याला पूर्ण करता आली नाही. पाच धावा देऊन तो बाहेर गेला. वेग होता, भरपूर होता, पण चेंडू हवा तिथं पडत नव्हता. आणि मेजर लीगचा बॅटर मधोमध आलेला ९८ मैलांचा चेंडू सोडत नाही. पुढच्या आठवड्यात त्याचा खांदा दुखावल्याची बातमी आली तेव्हा मला ही दुपार आठवली.

कब्जकडून काइल हेंड्रिक्स. याच्याबद्दल माझ्या मनात राग असायला हवा, कारण २०१६ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना आमच्या गावात, क्लीव्हलंडला, आमच्याविरुद्ध, यानंच सुरू केला होता. तो सामना दहाव्या इनिंगमध्ये ८-७ असा आम्ही हरलो आणि कब्जनं १०८ वर्षांनी विजेतेपद घेतलं. पण हेंड्रिक्सवर राग धरता येत नाही. त्याचा फास्टबॉल ८७-८८ मैलांचा. आजच्या बेसबॉलमध्ये हा वेग म्हणजे जवळजवळ काहीच नाही. तरी हा माणूस इतकी वर्षं टिकला, २०१६ च्या त्या संघातला कब्जमध्ये उरलेला हा शेवटचा खेळाडू, तो केवळ चेंडू कुठे टाकायचा हे कळतं म्हणून. आज त्याचाही दिवस नव्हता. ओहतानीनं होम रन मारली तेव्हा निळ्या जर्सीतले अर्धे लोक उभे राहिले, कब्जचे पाठीराखेसुद्धा.

तो ओहतानीही या वर्षी फक्त बॅटिंग करत होता. सप्टेंबरमध्ये कोपराचं ऑपरेशन झालेलं, त्याच्या आयुष्यातलं दुसरं. जगातल्या सगळ्यात थोर पिचर-बॅटरला पिचिंग करताना बघायला एक पूर्ण वर्ष थांबायचं होतं.

सामना कब्जनं ९-७ असा जिंकला. धावा भरपूर, पिचिंग खराब. मैदानावर पांढरा ‘डब्ल्यू’ झेंडा चढला, सगळे गायले, मी नुसती ऐकत बसले.

शनिवार, ६ एप्रिल

आज पुतण्याला बरोबर घेतलं. मेट्राच्या डब्यात वरच्या मजल्यावर बसलो होतो तेव्हा फोनवर बातमी आली. शेन बीबर. कोपराचा लिगामेंट गेला, टॉमी जॉन ऑपरेशन, सीझन संपला.

मी क्लीव्हलंड गार्डियन्सची आहे, बीबर माझा पिचर. २०२० मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला एकमतानं मिळाला होता. या वर्षी पहिल्या दोन सामन्यांत त्यानं १२ इनिंग टाकल्या होत्या, २० स्ट्राइकआउट, धावा शून्य. ओकलंडविरुद्धचा पहिला सामना मी रात्री जागून पाहिला होता, आणि जुना बीबर परत आला म्हणून सगळ्यांना मेसेज केले होते. आता कळतंय की त्या सगळ्या काळात त्याचं कोपर दुखत असणार. डोळ्यांत पाणी आलं. पुतण्या काही बोलला नाही, त्यानं खिडकीबाहेर बघणं पसंत केलं.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं की ऑपरेशनमध्ये नक्की काय करतात. मग त्याला सांगत गेले. कोपराच्या आतल्या बाजूला दोन हाडांना जोडणारा एक लहानसा पट्टा असतो, चेंडू फेकताना सगळा ताण त्याच्यावर येतो. तो फाटला की मनगटाजवळचा एक टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, काढून तिथं बसवतात. १९७४ मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी हे पहिल्यांदा केलं, ते डॉजर्सच्याच टॉमी जॉनवर. जॉन परत आला आणि त्यानंतर त्यानं आणखी १६४ सामने जिंकले. तेव्हापासून ऑपरेशनला त्याचंच नाव. पण बरं व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि प्रत्येक जण टॉमी जॉनसारखा परत येत नाही.

त्याच दिवशी अटलांटाच्या स्पेन्सर स्ट्रायडरचीही बातमी आली. गेल्या वर्षी २८१ स्ट्राइकआउट घेणारा हा पिचर, शुक्रवारी चार इनिंगनंतर बाहेर गेला होता, कोपराचा लिगामेंट बिघडलेला निघाला. तीन दिवसांत पेरेझ, बीबर, स्ट्रायडर. खेळाडूंच्या संघटनेनं याचा दोष पिच क्लॉकला दिला. बेसवर खेळाडू असताना चेंडू टाकायला मिळणारा वेळ या वर्षी २० सेकंदांवरून १८ वर आणला होता. लीगनं उत्तर दिलं की घड्याळाचा काही संबंध नाही, पिचरांचा वेग आणि चेंडूची फिरकी वर्षानुवर्षं वाढत चालली आहे, मूळ तिथं आहे. मला स्वतःला लीगचं म्हणणं जास्त पटतं, पण दोन सेकंद कमी करायची एवढी घाई कोणाला होती, हेही मी विचारेन. आधीच जास्तीत जास्त जोर लावून फेकणाऱ्या हाताला दोन चेंडूंमध्ये श्वास घ्यायलाही कमी वेळ दिला, तर त्याचं भलं कसं होईल?

अशा मनानं मैदानात शिरलो आणि समोर यामामोतो.

हा अवघा पाच फूट दहा इंचांचा. डॉजर्सनं त्याच्याशी १२ वर्षांचा, ३२.५ कोटी डॉलरचा करार केला, पिचरशी झालेला तोवरचा सगळ्यात मोठा. आणि पहिल्या सामन्यात, मार्चमध्ये दक्षिण कोरियातल्या सोलला, सॅन डिएगोनं त्याला एकाच इनिंगमध्ये पाच धावा काढून घरी पाठवलं होतं. जपानमध्ये सलग तीन वर्षं सर्वोत्तम पिचरचा सावामुरा पुरस्कार घेणाऱ्या माणसाबद्दल इथं लगेच कुजबुज सुरू झाली. एका इनिंगवरून माणसाची किंमत ठरवायची ही घाई मला आवडत नाही.

आज पहिल्याच इनिंगमध्ये तिन्ही बेस भरले. आमच्या मागच्या रांगेत कोणीतरी ‘सोल!’ म्हणून ओरडलं. यामामोतो माऊंडच्या, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्याच्या, मागं गेला, चेंडू हातात फिरवला, परत आला. त्यातून एकही धाव न देता तो बाहेर पडला, आणि मग पाच इनिंग टाकून ८ स्ट्राइकआउट, हिट फक्त ३, धावा शून्य.

त्याचा कर्व्हबॉल टीव्हीवर कळत नाही. आम्ही पहिल्या बेसच्या बाजूला बसलो होतो. चेंडू हातातून सुटल्यावर आधी वर चढतो, बॅटरचे खांदे सैल पडतात, आणि मग तो अख्खा खाली येतो. त्यानंतर तीच लकब, तेच पाऊल, आणि हातातून स्प्लिटर, फास्टबॉलसारखा येऊन शेवटी बुडणारा चेंडू. दोन्हींमध्ये फरक ओळखायला बॅटरला अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ. यामामोतो सरावात भाल्यासारखा पोकळ दांडा फेकतो, वजनं उचलण्यावर त्याचा भर नाही. फेकताना अंगाचा कोणताही भाग ओढला जात नाही, पायापासून बोटापर्यंत सगळं एका ओघात येतं. पुतण्या दोन इनिंग मैदानाच्या स्पीड बोर्डकडे बघत होता. तिसऱ्या इनिंगपासून तो यामामोतोच्या पायांकडे बघायला लागला. मला फार बरं वाटलं.

डॉजर्स ४-१ असे जिंकले, यामामोतोचा मेजर लीगमधला हा पहिला विजय.

रिग्लीचा तो जुना हिरवा फलक अजून माणसं हातानं बदलतात. इतर शहरांतल्या सामन्यांच्या ओळीत तिथं पिचरच्या जर्सीचा क्रमांक लावतात. बीबरचा ५७ आता या वर्षी कुठल्याच फलकावर लागणार नव्हता. निघताना मी त्या फलकाकडे बराच वेळ बघत राहिले.

हे लिहितेय तोवर पुढचं घडून गेलेलं आहे, आणि ते इथंच सांगायला हवं. १ नोव्हेंबर २०२५, टोरोंटो, वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, अकरावी इनिंग. ऑपरेशननंतर बरा झालेला, आमच्याकडून टोरोंटोला गेलेला बीबर माऊंडवर. विल स्मिथनं त्याला होम रन मारली. आणि त्याच इनिंगच्या दुसऱ्या अर्ध्यात डॉजर्सकडून शेवटचे बाद घेतले यामामोतोनं, आदल्याच दिवशी सामना सुरू केल्यावर पुन्हा येऊन. मी दोघांसाठीही टाळ्या वाजवल्या. बीबर हरला याचं वाईट वाटलं, पण तो नोव्हेंबरमध्ये माऊंडवर होता याचा आनंद त्याहून मोठा होता.

रविवार, ७ एप्रिल

आज दादाही आला. रेड लाइनच्या डब्यात जपानी बोलणं इतकं ऐकू येत होतं की दादा म्हणाला, आपण टोकियोत आलो. इमानागा, राइट फील्डला सेइया सुझुकी, समोर ओहतानी.

इमानागाचा फास्टबॉल ९२ मैलांच्या आसपास. शुक्रवारी मिलरनं त्यापेक्षा पाच-सहा मैल जोरात टाकले होते. पण इमानागा बुटका, चेंडू कमी उंचीवरून सोडतो, आणि त्याला उलटी फिरकी इतकी देतो की तो बॅटरच्या अंदाजापेक्षा कमी खाली पडतो. बॅट त्याच्या खालून जाते. पोहणाऱ्याला पाण्याची खोली चुकीची सांगावी, तसं काहीतरी त्या बॅटरचं होतं. वरच्या कोपऱ्यात असे दोन फास्टबॉल टाकले की तिसरा स्प्लिटर, जमिनीकडे जाणारा. दोनच मुख्य चेंडू आणि जागा बदलत राहणं. चार इनिंगमध्ये डॉजर्सच्या त्या बॅटिंगला दोन हिट. ओहतानीला त्याच्याकडून काहीच मिळालं नाही. ते दोघं समोरासमोर आले तेव्हा मैदानातला आवाज एकदम बदलला, लोक प्रत्येक चेंडूआधी गप्प व्हायला लागले.

आणि मग पाऊस आला.

जवळजवळ तीन तास. मैदानावर ताडपत्री, आम्ही वरच्या छताखाली दाटीवाटीनं उभे. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, लहानपणापासून इथं येणारे. मी क्लीव्हलंडची आहे म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि ‘रेन डिले’ एवढंच म्हणाले. २०१६ च्या त्या सातव्या सामन्यात दहाव्या इनिंगआधी पाऊस आला होता, सतरा मिनिटं, आणि त्या सतरा मिनिटांत कब्जच्या खेळाडूंनी ड्रेसिंग रूमजवळ जमून स्वतःला सावरलं होतं. आम्ही दोघांनी त्या सामन्याची पहिल्यापासून उजळणी केली. मी त्यांना आमच्या राजाई डेव्हिसची होम रन सांगितली, त्यांनी मला कब्जच्या झोब्रिस्टची डबल. त्यांच्या बायकोनं आमच्याकडचे धपाटे खाल्ले आणि शेंगदाण्याची चटणी कशी करतात ते विचारून घेतलं.

खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा इमानागा आला नाही. तीन तास थंडीत थांबलेला हात पुन्हा तापवायचा धोका मॅनेजर क्रेग काउन्सेलनं पत्करला नाही. पुतण्या हिरमुसला, पण मला त्या निर्णयाचं मनापासून कौतुक वाटलं. कब्जचा पहिला पिचर जस्टिन स्टील सीझनच्या पहिल्याच दिवशी पाय आखडून बाहेर बसला होता. एप्रिलमधल्या एका विजयासाठी दुसराही गमवायचा का? कब्ज ८-१ असे जिंकलेच. इमानागाच्या नावावर दहा इनिंग झाल्या, धाव अजून एकही नव्हती. मे महिन्यात, नऊ सामन्यांनंतर, त्याची सरासरी, म्हणजे दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, ०.८४ होती. करिअरच्या पहिल्या नऊ सुरुवातींची इतकी कमी सरासरी मेजर लीगमध्ये आधी कोणाचीच नव्हती.

परतीच्या गाडीत दादा आणि त्याचा मुलगा यांची जुंपली. मुलाला उन्हाळ्यात वेग वाढवायच्या शिबिरात जायचं होतं. दादा ‘पिच स्मार्ट’चे, म्हणजे मुलांनी किती चेंडू टाकावेत याचे, नियम तोंडपाठ सांगत होता. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलानं दिवसात जास्तीत जास्त ९५ चेंडू, आणि ७५ च्या वर गेले तर चार दिवस आराम. मी दादाच्या बाजूनं बोलले. वेग नको असं मी म्हणणार नाही, पण पंधराव्या वर्षी आधी चेंजअप (फास्टबॉलसारखा दिसणारा हळू चेंडू) आणि नेम, हे तीन दिवसांत आपण तिघांनीही पाहिलंय, असं त्याला सांगितलं. त्यानं कबूल केलं नाही. फक्त इमानागा स्प्लिटर कसा पकडतो याचे फोटो शोधत बसला.

सोमवार, ८ एप्रिल

पहाटे चारला निघाले, कारण आज खग्रास सूर्यग्रहण आणि त्याचा पट्टा बरोबर क्लीव्हलंडवरून जाणार होता. टोल रोडवर पाट्या लागल्या होत्या, गर्दी होईल, पेट्रोल भरून ठेवा. मला वाटेत आईचा साताऱ्याहून फोन. तिकडे ग्रहण दिसणार नव्हतं, सोमवती अमावास्या मात्र होती आणि उद्या पाडवा. गुढीची काठी कुठे ठेवलीय, तांब्या घासला का, असं सगळं विचारून झालं.

आणि आजच गार्डियन्सचा घरच्या मैदानावरचा पहिला सामना, शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध. ग्रहणासाठी सामना संध्याकाळी ५.१० ला ठेवला होता, पण दारं दोनलाच उघडली. मला तिकीट मिळालं नव्हतं. तलावाकाठी गेले. ३.१३ ला अंधार झाला, जवळजवळ चार मिनिटं. पक्षी गप्प झाले, रस्त्यावरचे दिवे लागले, माणसं ओरडली. ते वर्णन करायला माझ्याकडे शब्द कमी आहेत आणि या लेखाचा तो विषयही नाही.

घरी येऊन सामना टीव्हीवर लावला. नवा मॅनेजर स्टीव्हन व्होट, टेरी फ्रँकोनानंतरचं पहिलं वर्ष. आम्ही ४-० असे जिंकलो. व्हाइट सॉक्स त्या वर्षी पुढे १२१ सामने हरले, त्यामुळे या विजयाचं फार मोठं काही सांगता येणार नाही. तरी बीबर गेल्यानंतर दोन दिवसांनी घरच्या मैदानावर समोरच्याला शून्यावर ठेवणं, हे मला त्या रात्री फार हवं होतं. त्या वर्षी आम्ही ९२ सामने जिंकून डिव्हिजन, म्हणजे आमचा गट, जिंकला, आणि तो मुख्यतः बुलपेनच्या, म्हणजे सामन्याच्या मध्येच येणाऱ्या पिचरांच्या, जोरावर. पिचर पडला की दुसरे चार जण मिळून त्याची जागा भरतात, हे मी त्या सीझनभर पाहत होते आणि प्रत्येक वेळी टीव्हीसमोर उभी राहत होते.

पाडव्यानंतर दोन दिवसांनी पुतण्याचा मेसेज आला. त्याच्या शाळेचा सामना झाला होता, चार इनिंग, ६८ चेंडू, दोन धावा. खाली लिहिलं होतं, ‘आता तीन दिवस आराम, बाबांनी फळ्यावर लिहून ठेवलंय. चेंजअप सात टाकले, आत्या. पाच पडले.’